घाटात उकळते, सपाटीला थंड: जुन्या व्हॅनमध्ये बेंझ इंजिन टाकल्यावरचा ताप

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीची हीच असतील तर पुढं वाचा नाहीतर उगाच वेळ घालवू नका. जुनी व्हॅन, मूळचं इंजिन काढून त्यात टेम्पो ट्रॅव्हलरचं बेंझ इंजिन टाकलेलं, म्हणजे ओएम ६१६. किनाऱ्याच्या रस्त्यानं चाललात की टेंपरेचरचा काटा वर यायचं नाव घेत नाही, गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आलात तरी खालीच झोपलेला, सकाळी पांढरा धूर नको तेवढा वेळ राहतो, डिझेल थोडं जास्त खातेय असं वाटतं पण नक्की सांगता येत नाही. आणि हीच गाडी घाटाला लावली की चार-पाच किलोमीटरमध्ये पाणी उकळून बाहेर. अर्धा तास थांबलात, गार केलीत, पाणी ओतलंत, दोन किलोमीटर गेलात की परत तेच.

मी ह्यात दीड वर्ष घालवलं. बायकोचं माहेर कोल्हापूर, म्हणजे आंबा घाट चुकत नाही, आणि साखरपा सोडून चढण लागली की आमच्या घरात सगळे गप्प होऊन काट्याकडे बघत बसायचे. तिसऱ्यांदा पोचायला रात्रीचे अकरा वाजले तेव्हा सासरे दारातच म्हणाले, "जावईबापू, पुढच्या वेळी एसटीनंच या." चेष्टेत म्हणाले, पण लागलं.

गाडी महिंद्राची एफजे, ८०च्या दशकातली. आधी एका शाळेची होती, मग बरीच वर्षं आंब्याच्या पेट्या वाहिल्या, माझ्याकडे आली तेव्हा मागं नुसता पत्रा आणि पेंढ्याचा वास. त्यात दोन बिछाने, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, खाली कपाटं असं सगळं करून घेतलं. मूळचं इंजिन एक्सडीपी ४.९०, पूजोचं डिझाइन, २११२ सीसी, महिंद्रा ते परवान्यावर बनवायची. ते बांधायला काढलं तर पार्टसाठी पायपीट सुरू झाली, म्हणून मेस्त्री म्हणाला बेंझ टाकू. निर्णय चुकीचा नव्हता, आजही म्हणतो. बजाज टेम्पोनं डेमलर-बेंझच्या परवान्यावर ते इंजिन ८०च्या दशकापासून बनवलं, मॅटाडोर, ट्रॅव्हलर, ट्रॅक्स सगळीकडे तेच, त्यामुळे पार्ट मिळतात आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात ते उघडणारा माणूस मिळतो. २३९९ सीसी, हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि ब्लॉक (खालचा मुख्य भाग) दोन्ही बिडाचे, आतली चेन दुहेरी. नीट बांधलंत तर आपल्याला पुरून उरेल. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार, नवीन बनवली, ट्रॅव्हलरचाच गिअरबॉक्स ठेवला, मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंटचा दांडा लेथवर कापून लांबी जुळवली, ह्या सगळ्याला त्रास झाला पण तो एकदाच झाला. गरम होण्याचा त्रास मात्र जाईना.

आता मी काय काय केलं ते ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्यांदा रेडिएटर. जुना नळ्यांच्या दोन रांगांचा होता, तीन रांगांचा कोअर बसवून घेतला, तांब्या-पितळेचाच. घाटात फरक शून्य. मग वॉटर पंप बदलला, शून्य. मग बेल्ट, मग रेडिएटरचं टोपण, मग समोर अजून एक इलेक्ट्रिक पंखा, तो लावताना वायरी उलट जोडल्या गेल्या आणि तो दोन आठवडे इंजिनच्या पंख्याच्या विरुद्ध हवा ढकलत होता हे आम्हाला कळलंच नाही. जाळीला कागद धरून बघा, इंजिन बंद ठेवून नुसता हा पंखा चालू असताना कागद जाळीला चिकटला पाहिजे, उडाला तर पंखा उलटा आहे. हे काही माझं मूळ दुखणं नव्हतं, पण कुणाचं असू शकतं. मग हेड गॅसकेटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा, संशय. ती निळ्या औषधाची टेस्ट करून घेतली, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून हवा त्यातून ओढतात, इंजिनचा गॅस पाण्यात येत असेल तर निळा रंग बदलतो. बदलला नाही. मेस्त्री तरी म्हणाला हेड काढूया, मी म्हटलं थांब.

थांब म्हणायचं कारण ते सपाटीचं थंडपण. हेड गॅसकेट गेलेलं असतं, रेडिएटर चोंदलेला असता, तर सपाटीलाही काटा मध्यावर तरी आला असता ना? इंजिन सपाटीला गरजेपेक्षा थंड आणि चढाला गरजेपेक्षा गरम, ह्या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ह्याचं उत्तर कुणी देईना. सगळे चढाचंच बोलत होते.

मग मी ती टेंपरेचरची गन मागवली, लाल ठिपका पडतो ती. कोविडमधली कपाळाला लावायची घेऊ नका, ती तापापुरतीच असते, ४२-४३च्या पुढं जात नाही. आणि एक लक्षात ठेवा, चकचकीत धातूवर ही गन खोटं सांगते, काळ्या रबरी पाइपवर मारा किंवा धातूवर काळी टेप चिकटवून तिच्यावर मारा. तर घाटात काटा लालला टेकल्याबरोबर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद न करता जरा रेस धरून, सीटमधलं इंजिनचं झाकण उचलून आकडे घेतले. बायको गन धरून, मी टॉर्च धरून, पोरगी वहीत लिहून घेतेय. हेडच्या पुढच्या घरावर, म्हणजे हेडमधलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या डबीवर, ११२ अंश. तिथून वॉटर पंपाकडे खाली जाणारा आखूड पाइप आहे त्यावर १०८. रेडिएटरचा वरचा पाइप १०४. आणि रेडिएटरचा खालचा पाइप, जिथून गार झालेलं पाणी इंजिनकडे परत जातं, तो ६१.

ह्या चार आकड्यांत सगळं आहे. वरचा आणि खालचा दोन्ही पाइप कडक गरम असतील तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाहीये, म्हणजे पंखा, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं, नाहीतर रेडिएटरची जाळी मातीनं भरलेली. आपल्याकडे तांबडी माती आणि वर खारी हवा, जाळीचे पातळ पत्रे बोट लावलं तरी झडतात. पण वरचा गरम आणि खालचा कोमट असेल तर रेडिएटर आपलं काम चोख करतोय, त्याच्याकडे पाणीच पुरेसं येत नाही. पाणी न येण्याची कारणं थोडकीच: नळ्या चोंदलेल्या, पंप झिजलेला, बेल्ट घसरतोय, जोरात रेस केल्यावर खालचा पाइप आत चिमटतोय (त्यात स्प्रिंग असायला हवी), किंवा पाणी दुसऱ्याच वाटेनं जातंय. माझे नळ्या, पंप, बेल्ट सगळं नवीन. पाइप चिमटत नव्हता, बघितलं. राहिली दुसरी वाट.

आणि तो आखूड पाइप १०८ होता. इंजिन इतकं तापलेलं असताना त्यातून पाणी जायलाच नको होतं.

ओएम ६१६ मध्ये पाण्याला दोन वाटा आहेत. इंजिन थंड असताना पाणी हेडमधून त्या आखूड पाइपानं सरळ पंपाकडे आणि परत इंजिनात, रेडिएटरला शिवतच नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तापलं की थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेनं आपोआप उघडणारी झडप, उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण ह्या थर्मोस्टॅटला दोन थाळ्या असतात. वरची थाळी रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी खालची थाळी आखूड पाइपाचं तोंड दाबून बंद करते. आगरात शिपणं केलेलं असेल त्याला लगेच कळेल, एका दांडाला पाणी सोडलं आणि दुसऱ्याचं तोंड बुजवायला विसरलात तर लांबच्या माडाला थेंबही पोचत नाही, पाणी जवळच्या वाटेनं निघून जातं. रेडिएटर म्हणजे तो लांबचा माड.

आमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नव्हता, मेस्त्री लोक त्याला वॉल म्हणतात. इंजिन बसवताना मेस्त्रीनं काढून टाकला होता, आणि सांगितलंही होतं मला, मीच मान डोलावली होती. त्याचं म्हणणं, "तो वॉल थंडीच्या मुलखासाठी असतो, आपल्याकडे काय बर्फ पडतो काय? काढला की पाणी मोकळं फिरतं." हे वाक्य कोकणात प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येईल, आणि कित्येक गाड्यांत ते खपूनही जातं, कारण त्या इंजिनांत दुसरी वाट बारीक असते. ह्या इंजिनात ती चांगली जाड आहे. वॉल काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या. सपाटीला लोड कमी, रेडिएटरकडे जाणारं थोडं पाणीही जास्तच गार करतं, कारण अडवणारं कुणीच नाही, म्हणून काटा झोपलेला. घाटात लोड आला की तेवढं पाणी पुरत नाही, बाकीचं उकळतं पाणी परत इंजिनात फिरत राहतं. सपाटीचं थंड आणि चढाचं गरम, दोन्ही एकाच भोकातून.

कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन थर्मोस्टॅट आणला, आणि इथं दुसरी ठेच लागली. दुकानदारानं पहिल्यांदा दिला त्याला खालची थाळीच नव्हती, बाहेरून व्यास तोच, बसलाही असता बरोबर. मी म्हटलं ह्याला खाली काही नाहीये, तर म्हणे चालतो सगळ्यांना. चालत नाही. तो बसवला तर रेडिएटरची वाट उघडेल पण दुसरी बंद होणार नाही, म्हणजे घाटात परत तेच गाणं. दोन्ही हातात घेऊन बघा, बरोबर असलेल्याच्या पोटाखाली दांडीवर एक चपटी चकती आणि तिच्यामागे स्प्रिंग दिसते.

बसवायच्या आधी उकळून बघा, नवीन असला तरी. आईच्या टोपात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं लोंबकळत सोडला, बुडाला टेकू द्यायचा नाही, बाजूला थर्मामीटर. ८०ला फट दिसायला लागली, ९५च्या आसपास पुरता उघडला आणि खालची चकती सात-आठ मिलिमीटर पुढं सरकलेली स्पष्ट दिसली. टोप कायमचा गॅरेजात गेला, आईनं परत घेतला नाही. बसवताना त्यावर हवा जायला बारीक भोक असतं ते वरच्या बाजूला ठेवा, खाली गेलं तर हवा अडकते.

हवेचं बोललो म्हणून, इंजिन बदललेल्या गाडीत हा वेगळाच घोळ असतो. आमच्या एफजेत इंजिन दोन सीटच्या मधे उंचावर बसलंय आणि रेडिएटर पुढं खाली, म्हणजे हेडचा माथा रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर. रेडिएटर काठोकाठ भरला तरी हेडमध्ये हवा राहते. आम्ही हेडच्या घरावरून एक बारीक पाइप काढून डॅशबोर्डमागे उंचावर बसवलेल्या बाटलीला जोडला, प्रेशरचं टोपण त्या बाटलीला, रेडिएटरला साधं बंद टोपण. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवायचं, सावकाश ओतायचं, पाइप हातानं दाबत राहायचं. आणि गरम असताना टोपण उघडू नका हे सगळे सांगतात, मीही सांगायचो, डाव्या हातावर अजून डाग आहे.

काट्याचं पण सांगून टाकतो. बेंझचा सेन्सर आणि महिंद्राचा मीटर ही जोडी जुळत नाही, दोघांचे ओहम वेगळे, त्यामुळे काटा काहीही दाखवतो. शिवाय सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली की विजेचं अर्थिंग तुटतं, आणि इंजिन रबरी फाउंडेशनवर बसवल्यावर इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी लावायला लोक विसरतात, मग काटा लाइट लावली की हलतो. सेल्फ पण सुस्त फिरतो त्यानं. मी शेवटी तांब्याच्या नळीचा मेकॅनिकल मीटर लावला, त्याला वायरच नाही, तो खोटं बोलत नाही.

थर्मोस्टॅट घातल्यावर पहिल्याच फेरीला सपाटीला काटा ८५वर येऊन बसला, सकाळचा धूर कमी झाला. घाटात १०४पर्यंत गेला आणि तिथं थांबला, उकळलं नाही. पण १०४ मला जरा जास्तच वाटत होतं म्हणून अजून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे डिझेल पंपाचा टायमिंग. तो पंप फिरवणारी आतली चेन ताणून लांबली की डिझेलचा फवारा उशिरा पडतो आणि इंजिन तापतं. ह्याचा फवारा टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेच्या, २४ अंश आधी सुरू व्हायला हवा, माझा चार-पाच अंश मागे होता. त्याच दिवशी टॅपेटही, म्हणजे इंजिनच्या झडपांच्या फटी, करून घेतले, थंड इंजिनाला इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर.

दुसरी गोष्ट माझीच करणी. इंजिनचा आवाज आणि धग आत येऊ नये म्हणून मी झाकणाच्या मागची फट प्लायवूडनं बंद करून त्यावर काथ्याची गादी टाकली होती, झोपायला मस्त जागा झाली होती. पण रेडिएटरमधून आलेली गरम हवा जाणार कुठं? पंखा कितीही ओढू दे, बाहेर पडायला वाट नसेल तर पुढून हवा आत येतच नाही. प्लाय कापून खाली चासीकडे उतरता पत्रा लावला, गादी गेली, सहा अंश उतरले. पोरगी अजून गादीसाठी भांडते.

पाण्याचं मात्र आपल्याकडच्या लोकांनी जास्त मनावर घ्यायला हवं. आमची विहीर खाडीपासून लांब नाही, मे महिन्यात पाणी मचूळ लागतं, आणि तेच पाणी मी वर्षभर रेडिएटरला ओतत होतो कारण घाटात दर वेळी उकळून जायचं, कूलंट कोण ओतणार. बिडाच्या इंजिनात त्यानं गंज आणि क्षार दोन्ही धरले. थर्मोस्टॅटच्या घरात बोट घातलं तर चहाच्या गाळासारखा तांबूस चिखल आला. साफ करायला लिंबूसत्व वापरलं, किराणा दुकानात मिळतं तेच, दहा लिटर पाण्याला एक किलो, थर्मोस्टॅट काढून, गाडी गरम करून अर्धा-पाऊण तास फिरवली आणि लगेच सोडून दिलं. रात्रभर ठेवू नका, ॲल्युमिनियमचे पार्ट खातं. पहिलं पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं आलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत पाच वेळा धुतलं, शेवटी बॅटरीत घालतात ते पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. खारं पाणी परत घातलेलं नाही.

वाटेत थर्मोस्टॅट अडकला आणि दुसरा जवळ नसेल तर काढायला हरकत नाही, पण मग आखूड पाइपात लाकडाचा गुट्टा ठोकून वर क्लिप आवळा, गुट्ट्याला पेन्सिलीएवढं आरपार भोक ठेवा, आणि घरी या. कायमचं तसं चालवू नका, सकाळी थंड इंजिन नीट तापणार नाही. चढाला तिसऱ्यात ओढत राहू नका, दुसऱ्यात टाका, इंजिन फिरलं तरच पंप आणि पंखा फिरतो. उकळायला लागलीच तर एकदम बंद करू नका, न्यूट्रलला जरा रेस धरून उभी ठेवा, पाणीच संपलं असेल तरच बंद करा.

कागदाचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परस्पर करता येत नाही, आरटीओकडून मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. जुनं इंजिन काढायच्या आधी विचारा, नंतर नाही, आणि ज्या गाडीतून इंजिन घेतलं तिचे कागद आणि बिल जपून ठेवा.

गेल्या गणपतीत परत कोल्हापूरला गेलो, पाच माणसं, टाकी भरलेली, टपावर नारळाचं पोतं. घाटात सगळ्यात वर गेला तो ९६. थाळी नसलेला तो पहिला वॉल दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला होता, तो मेस्त्री मागून घेऊन गेला, आता त्याच्या फळीवर चांगल्या वॉलशेजारी ठेवलेला असतो आणि कुणी बेंझ टाकायला आलं की दोन्ही हातात देऊन "फरक सांगा" म्हणतो.